मिज ऑलिंपिया विजेत्यांची यादी: चुका काढा, आणि निकाल असे का लागले तेही सांगा

रेघोटी (धागाकर्ती)

मिज ऑलिंपिया ही महिला शरीरसौष्ठवातली सर्वांत मोठी स्पर्धा; तिच्या विजेत्या मराठीत एका जागी सापडाव्यात म्हणून हा धागा. कच्चा मसुदा खाली देते आहे, जाणकारांनी बिनधास्त कात्री चालवावी. नुसती नावं मात्र नकोत. दर काही वर्षांनी विजेतीचा आकारच बदललेला दिसतो आणि तो का बदलला, हे कुठल्याच यादीवरून कळत नाही.

१९८० रेचल मॅक्लिश
१९८१ किके एलोमा
१९८२ रेचल मॅक्लिश
१९८३ कार्ला डनलॅप (बेव्ह फ्रान्सिसला हरवून)
१९८४ ते ८९ कोरी एव्हरसन
१९९० ते ९५ लेंडा मरे
१९९६ ते ९९ किम चिझेव्हस्की
२००० ?? (दोन नावं दिसतात)
२००१ ज्युलिएट बर्गमन
२००२, ०३ लेंडा मरे
२००४ आयरिस काइल
२००५ याक्सेनी ओरिकेन
२००६ ते १४ आयरिस काइल
२०१५ ते १९ ??
२०२० ते २४ आंद्रिया शॉ

दंडबैठक

यादी बरीचशी बरोबर आहे. १९८३ च्या ओळीतला कंस तेवढा काढा. ही चूक जिकडेतिकडे दिसते. त्या वर्षी कार्लाने दोन वेगवेगळ्या स्पर्धा जिंकल्या. एक मिज ऑलिंपिया. दुसरी लास वेगासच्या सीझर्स पॅलेसमधली वर्ल्ड कप, जिच्यावर १९८५ साली 'पंपिंग आयर्न २' हा माहितीपट आला. बेव्ह दुसरीत होती, पहिलीत नव्हती. माहितीपट जास्त लोकांनी पाहिलेला, त्यामुळे तोच ऑलिंपिया असं समजून दोन निकाल एकमेकांत मिसळले जातात.

त्या वर्ल्ड कपमध्ये बेव्ह आठवी आली, रेचल तिसरी. बेव्ह ऑस्ट्रेलियाची जागतिक दर्जाची पॉवरलिफ्टर, ३०० पौंडांवर म्हणजे १३६ किलोंहून जास्त बेंच प्रेस करणारी पहिली बाई. मंचावर तिच्याइतके स्नायू दुसऱ्या कुणाकडेच नव्हते, तरी आठवी. पुढच्या वीस वर्षांतलं सगळं भांडण त्या एका आकड्यात आहे.

२००० साली दोन नावं दिसतात, कारण विजेत्याच दोन होत्या. त्या वर्षी पहिल्यांदा वजनगट आले: हेवीवेटमध्ये युक्रेनची व्हॅलेंटिना चेपिगा, लाइटवेटमध्ये ब्रिटनची आंद्रुला ब्लँचेट. दोघींमधून एकच अशी 'ओव्हरऑल' निवडलीच नाही. ती पद्धत २००१ पासून. त्यामुळे दोन्ही नावं लिहा, एक निवडायला जाऊ नका.

२०१५ ते १९ स्पर्धाच झाली नाही. '??' काढून 'स्पर्धा नाही' असं स्पष्ट लिहा, नाहीतर पाच वर्षं माहिती मिळाली नाही असा समज होतो.

तिसरी घंटा

१९८० च्या आधीच्या दोन-तीन ओळीही टाका, म्हणजे रेचल आकाशातून पडली असं वाटणार नाही.

१९४० च्या दशकात कॅलिफोर्नियात सांता मोनिकाच्या मसल बीचवर ऍबी 'पजी' स्टॉकटन होती. १९४४ पासून ती एका व्यायाम मासिकात बायकांच्या वजनी व्यायामावर सदर लिहायची आणि १९४७ मध्ये तिने बायकांची वेटलिफ्टिंग स्पर्धा भरवली. पण सौष्ठवाच्या मंचावर बाईला जागा होती ती पुरुषांच्या स्पर्धेला जोडलेल्या सौंदर्यस्पर्धेत. बिकिनी, उंच टाचा, एक गिरकी, संपलं. स्नायूंना गुण नव्हते.

फक्त स्नायूंवर गुण देणारी पहिली स्पर्धा म्हणून बहुतेक जण ओहायोतल्या कँटनची १९७८ ची स्पर्धा मानतात. भरवली हेन्री मॅगी यांनी, जिंकली जीना लास्पिनाने. १९७९ मध्ये लॉस एंजेलिसला लिसा लायन जिंकली. पुढे छायाचित्रकार रॉबर्ट मॅपलथॉर्पने तिचं आख्खं पुस्तक काढल्यामुळे तिचं नाव टिकलं. डोरिस बॅरिलो हे नाव मात्र प्रत्येक यादीतून गळतं. स्वतः मंचावर उतरलेली ही बाई १९७८ पासून बायकांची संघटना आणि नियम उभे करत होती. विजेत्यांच्या यादीत नियम करणाऱ्यांना जागा नसते.

आणि १९८० च्या ओळीत 'फिलाडेल्फिया' घाला. तेव्हा स्पर्धेचं नाव 'मिस' ऑलिंपिया होतं, 'मिज' नंतर झालं.

काठावरचा

एक शंका. बेव्हकडे सगळ्यात जास्त स्नायू, मग आठवी कशी? सगळे पंच तिच्या विरोधात होते असं म्हणायचं का?

मापटे

सगळे विरोधात असायची गरजच नसते. गुण मोजायच्या पद्धतीतच ते बसलेलं आहे. नीट सांगतो, कारण हे कळल्याशिवाय कुठलाही जुना निकाल वाचता येत नाही.

पंच गुण देत नाहीत, क्रमांक देतात. पहिली आली तर १, पाचवी आली तर ५. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा क्रमांक टाकून देतात, उरलेल्यांची बेरीज करतात. कमी बेरीज जिंकते. किती टोकं टाकायची ते पंचांच्या संख्येवर. समजायला सोपं म्हणून ७ पंच आणि दोन्हीकडचं एकेक टोक धरू. हे आकडे नुसते उदाहरणाचे, कुठल्या स्पर्धेचे नाहीत.

'अ' खूप मोठी. चार पंचांना तीच हवी, तिघांना अजिबात नको:
१, १, १, १, ४, ५, ६
एक १ आणि तो ६ गेला. उरले १+१+१+४+५ = १२.

'ब' मध्यम. कुणाचाच तिच्यावर राग नाही:
२, २, २, २, २, १, १
एक १ आणि एक २ गेला. उरले १+२+२+२+२ = ९.

'ब' जिंकली. सातपैकी चार पंचांच्या मते पहिली 'अ' होती, तरीही. टोकं टाकायची ती एखाद्या पंचाने मुद्दाम डाव साधू नये म्हणून. पण पंचांमध्येच दोन तट पडले तर ही पद्धत टोकाच्या शरीराला खाली ढकलते आणि मधल्याला वर काढते. जिथे 'बाईने किती मोठं व्हावं' यावरच एकमत नाही, तिथे पंचांचे तट पडणार हे ठरलेलं.

म्हणून जुना निकाल पाहताना नुसता क्रमांक बघू नका. पंचवार गुणपत्रक मिळालं तर ते बघा. २, २, ३, २, ३ असं असेल तर ती खरोखर दुसरी-तिसरी. १, १, ७, ८, २ असं दिसलं की समजा, भांडण शरीरावर नव्हतं, व्याख्येवर होतं.

दंडबैठक

+१. मापटे यांचं गणित १९९१ ला लावून पाहा. लेंडा मरे आणि बेव्ह फ्रान्सिस, फरक एका गुणाचा. सात-आठ वर्षांपूर्वी आठव्या नंबरला टाकलेली बेव्ह आता एका गुणावर येऊन ठेपली होती, तीही आधीपेक्षा स्पष्टच मोठी होऊन. म्हणजे मधल्या काळात पंचांची पट्टी सरकली होती.

आणि लगेच पुढच्या वर्षी संघटनेने ती मागे ओढली. १९९२ मध्ये आयएफबीबीने (शरीरसौष्ठवाची आंतरराष्ट्रीय संघटना) 'स्त्रीसुलभ' दिसण्याबद्दल सूचना काढल्या. शरीर सौंदर्यपूर्ण हवं, स्नायू हवेत पण 'फार' नकोत. 'फार' म्हणजे किती, ते लिहिलं नाही.

त्याचा पहिला दणका त्याच वर्षीच्या मिज इंटरनॅशनलला. जर्मनीची आन्या श्रायनर जिंकली, वजन १३० पौंड, साधारण ५९ किलो. ब्रिटनची पॉला बर्कमशॉ तेवढ्याच उंचीची, वजन १६२ पौंड, म्हणजे साडेत्र्याहत्तर किलो. कट्स (स्नायूंमधल्या रेघा) आणि सिमेट्री (प्रमाणबद्धता) तुल्यबळ. पॉला आठवी. एरवी निकालाला पहिल्या दहा जणींना मंचावर बोलावत, त्या दिवशी सहाच जणींना बोलावलं. प्रेक्षकांनी तिच्या नावाचा घोष सुरू केला आणि ती त्या सहा जणींबरोबर मंचावर आलीच.

रेघोटी, मिज इंटरनॅशनल (१९८६ ते २०१३) ही ऑलिंपियाच्या खालोखालची मोठी स्पर्धा, पण वेगळी. दोन्हींच्या विजेत्या एका यादीत घालू नका. आयरिस काइलचे 'एकूण किताब' मोजताना हाच घोळ होतो. ऑलिंपियाचे तिचे १०: २००४ चा एक आणि २००६ पासून सलग नऊ. पुरुषांच्या मिस्टर ऑलिंपियात विक्रम ८ चा आहे, हे जाता जाता.

रेघोटी

कंस काढला, २००० दुरुस्त केलं. पण मग कोरी एव्हरसनची सलग सहा वर्षं कशी? तिच्या वेळी भांडण नव्हतं?

तिसरी घंटा

होतं, पण ती नेमकी मापटे यांच्या 'ब'च्या जागी उभी होती. फरक एवढाच की तिला २ नाही, १ मिळायचे. उंच, रुंद खांदे, बारीक कंबर, भरलेल्या मांड्या. मैदानी खेळांतून आलेली. स्नायू मागणाऱ्या पंचाला पुरेशी मोठी, नको म्हणणाऱ्यालाही चालेल अशी. १९८४ ला रेचलला दुसऱ्या जागेवर टाकून आली आणि ऑलिंपियात एकदाही न हरता गेली. लेंडाचंही तेच बलस्थान: खांदा आणि पाठीची रुंदी इतकी की कंबर आपोआप लहान दिसते. त्यामुळे आकार वाढला तरी रेषा मोडली नाही.

किम चिझेव्हस्की आली तेव्हा समतोल सुटला, असं माझं मत. ती मोठीही होती आणि कोरडीही, म्हणजे कातडीखाली चरबी-पाणी जवळजवळ नाही अशी. १९९६ आणि ९७ ला लेंडा तिच्यामागे दुसरी. पण पैसा आटला होता. १९९९ ची स्पर्धा तर महिनाभर आधी रद्द जाहीर झाली, कारणांत कमी तिकीटविक्रीही होती. ओरड झाल्यावर दुसऱ्या आयोजकांनी ती न्यू जर्सीत भरवली, एका मासिकाने ५०,००० डॉलर घातले. किमचा चौथा किताब तो.

काठावरचा

अवांतर: जुन्या फोटोंत बायका दंड दाखवताना मूठ उघडी ठेवतात. स्टाइल होती का?

मापटे

अवांतर नाही. नियम होता. सुरुवातीच्या काही स्पर्धांत मूठ आवळायला मनाई होती, 'पुरुषी' दिसतं म्हणून. १९७९ च्या आसपास टाचांचे सँडलही दिसतील. दोन्हींचा शरीरावर परिणाम होतो, फोटो वाचताना तो धरायला हवा.

मूठ आवळली की मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायू ताठ होतात आणि सगळा हात एकसंध घट्ट दिसतो. हात उघडा ठेवला की दंडाचा गोळा येतो, कारण त्याला तळवा फिरवणं आणि कोपर वाकवणं पुरतं. पण कोपराच्या पुढचा भाग मऊ दिसतो. म्हणून १९८० चा हात १९९० च्या हातापेक्षा 'कच्चा' वाटतो, त्यातला काही भाग खरा आणि काही मुठीचा. टाचेमुळे पोटरी आखडून वर चढते, ओटीपोट पुढे झुकतं, पाठीची कमान वाढते. मांडीच्या मागच्या कट्सची तुलना तिथे करूच नका.

शिवाय सक्तीच्या पोझेस. त्या काळात पुरुषांना सात, बायकांना पाच: समोरून दोन्ही दंड, बाजूने छाती, पाठीमागून दोन्ही दंड, बाजूने ट्रायसेप्स, पोट आणि मांडी. गाळलेल्या दोन म्हणजे समोरून आणि मागून पाठ पसरणं, लॅट स्प्रेड. रुंदी दाखवायची नेमकी तीच पोझ बायकांच्या यादीत नव्हती.

गंमत म्हणजे उघडी मूठ परत आली. २०१३ पासून ऑलिंपियात विमेन्स फिजिक हा कमी स्नायूंचा गट आहे (पहिली विजेती डॅना लिन बेली), त्यात पोझेस उघड्या हातानेच घ्यायच्या.

कोरडेपान

फोटोंवरून तुलना करणार असाल तर हा क्रम ठेवा.

आधी पाठमोरा फोटो शोधा. समोरून सगळ्याच चांगल्या दिसतात. कंडिशनिंग, म्हणजे शरीर किती कोरडं आहे, ते कळतं कमरेच्या मणक्याशेजारच्या स्नायूंत, नितंबांत आणि मांडीच्या मागे, कारण बायकांची चरबी तिथून सर्वांत शेवटी जाते. तिथे रेघा असतील तर बाकी शरीर कोरडं आहेच.

मग उजेड. वरून थेट पडलेला उजेड पोटाचे कप्पे खोल दाखवतो, समोरचा फ्लॅश ते पुसून टाकतो. एकीचा मंचावरचा आणि दुसरीचा स्टुडिओतला फोटो शेजारी ठेवलात तर तुलना उजेडाची झाली, शरीराची नाही.

मग टॅन. मंचावरचे दिवे फिकट कातडीवरच्या सावल्या खाऊन टाकतात, म्हणून रंगाचे दोन-तीन हात आदल्या संध्याकाळपासून देतात, सकाळी वरून एक. बिघडतं ते तयारीत. कातडी घासून घेतली नाही तर कोपर-घोट्याला डाग. मॉइश्चरायझर राहिला तर ओघळ. डिओडरंट राहिला तर काख हिरवट. जुन्या फोटोंत एखादीचे हात शरीरापेक्षा काळे दिसले तर तो रंग तळव्याच्या कोरड्या कडांनी जास्त शोषलेला असतो.

शेवटी 'सपाट' दिसणं. निकालांच्या वर्णनात 'ती त्या दिवशी फ्लॅट होती' असं वारंवार येतं. स्नायूचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणी. साठवलेल्या एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं. कातडीखालचं पाणी काढायला म्हणून शेवटच्या दोन दिवसांत पाणी तोडलं की स्नायूतलंही जातं. गोळा लहान होतो, शिरा बसतात, पंप (व्यायामाने स्नायू रक्ताने फुगणं) येत नाही. त्यावर मूत्रल गोळ्या घेतल्या तर पोटॅशियमचा तोल जातो: आधी पेटके, पुढे हृदयाचे ठोके बिघडतात. हे जीवघेणं आहे. 'फ्लॅट' शब्दामागे बहुतेक वेळा व्यायामाची कमतरता नसते, शेवटचे ४८ तास असतात.

काठावरचा

धन्यवाद. आणि स्टेरॉइड्सबद्दल कुणीच बोलत नाही ते?

कोरडेपान

नावं घेऊन बोलायचं तर पुरावा लागतो, तेव्हा नावं नाहीत. शरीरापुरतं बोलू. बाईच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरुषाच्या अगदी लहान अंशाएवढं. बाहेरून दिलं की स्नायू वाढतोच. पण त्याबरोबर आवाज जाड होतो आणि तो औषध थांबवल्यावर परत येत नाही, कारण स्वरयंत्रातले बदल कायमचे असतात. चेहऱ्यावरचे केसही सहसा जात नाहीत. पाळी थांबते, ती बहुधा परतते. आयएफबीबीने २००० साली पुन्हा सूचना काढल्या, त्यांत चेहरा, मेकअप आणि प्रकृती हे विषय आले ते यामुळेच. पण दिसण्याला गुण देऊन औषधाचा प्रश्न सुटत नाही. फक्त ज्यांच्या चेहऱ्यावर ते दिसत नाही, त्यांना फायदा होतो.

मापटे

त्या सूचनांचाच पुढचा अवतार म्हणजे २० टक्क्यांचं पत्रक. डिसेंबर २००४ मध्ये आयएफबीबीच्या व्यावसायिक विभागाने बॉडीबिल्डिंग, फिटनेस आणि फिगर या तिन्ही गटांतल्या बायकांना स्नायू '२० टक्क्यांनी' कमी करायला सांगितलं. वजनगटही त्याच सुमारास गेले.

कशाचे २० टक्के? दंडाचा घेर ४० सेमी धरा. घेर २० टक्के कमी केला तर ३२ सेमी. पण छेदाचं क्षेत्रफळ घेराच्या वर्गाने बदलतं: ०.८ × ०.८ = ०.६४, म्हणजे ३६ टक्के गेले. क्षेत्रफळ २० टक्क्यांच्या आसपास कमी करायचं असेल तर घेर ३६ सेमी पुरतो (०.९ × ०.९ = ०.८१). म्हणजे चार सेंटीमीटर घालवायचे की आठ, हेच पत्रकावरून कळत नाही. पंचांकडे टेप नव्हती, आधीच्या वर्षीचं माप नव्हतं. जी गोष्ट मोजलीच जात नाही, तिची टक्केवारी कशी लावणार?

पुढचे निकाल बघा. २००५ ला व्हेनेझुएलाची याक्सेनी, जी काही चणीने लहान नव्हती. २००६ पासून पुन्हा आयरिस, नऊ वर्षं.

दंडबैठक

पत्रकाने मोठ्या बायका लहान झाल्या नाहीत, खेळच लहान झाला. शेजारी कमी स्नायूंचे नवे गट उभे राहिलेच होते: ऑलिंपियात फिटनेस १९९५ पासून, फिगर २००३, बिकिनी २०१०, मग फिजिक. प्रायोजक तिकडे वळले. २०१४ ला आयरिस जिंकली आणि निवृत्त झाली, आणि ऑलिंपियाने गटच बंद केला. २०१५ मध्ये विंग्ज ऑफ स्ट्रेंग्थ या आयोजक संस्थेने रायझिंग फिनिक्स ही स्पर्धा सुरू केली, पहिली विजेती मार्गी मार्टिन. बंद पडलेली पाच वर्षं मोठ्या बायकांना ते व्यासपीठ होतं. २०२० मध्ये त्याच मंडळींच्या जेक वूडने ऑलिंपियाच विकत घेतली आणि मिज ऑलिंपिया परत आली. पत्रकांनी जे झालं नाही ते मालक बदलल्यावर झालं.

तिसरी घंटा

ज्युलिएट बर्गमनला एक ओळ जास्त द्या. नेदरलँड्सची, ऐंशीच्या दशकातली खेळाडू, मधली कित्येक वर्षं मंचाबाहेर. २००१ मध्ये चाळिशी उलटल्यावर लाइटवेटमधून आली आणि हेवीवेटच्या आयरिसला ओव्हरऑलमध्ये हरवलं. पट्टी सरकते म्हणजे काय, ते त्या एका निकालात दिसतं: पुढे दहा वेळा जिंकलेली बाई, ऐंशीच्या दशकातल्या शरीरापुढे दुसरी.

रेघोटी

सगळ्यांचे आभार. वजनगटांच्या वर्षांसाठी वेगळा रकाना केला:

२००० हेवी: चेपिगा, लाइट: ब्लँचेट, ओव्हरऑल: नाही
२००१ हेवी: काइल, लाइट: बर्गमन, ओव्हरऑल: बर्गमन
२००२ हेवी: मरे, लाइट: बर्गमन, ओव्हरऑल: मरे
२००३ हेवी: मरे, लाइट: बर्गमन, ओव्हरऑल: मरे
२००४ हेवी: काइल, लाइट: बर्गमन, ओव्हरऑल: काइल
२०१५ ते १९ स्पर्धा नाही

दंडबैठक

२००४ ची लाइटवेट बर्गमन नाही. वरची ओळ खाली चिकटली वाटतं. दायाना कॅडो, कॅनडा.

रेघोटी

हो, चिकटली. केली दुरुस्त.